चौथी-पाचवीच्या मुलांना आपल्या राज्याचा इतिहास आणि राज्यकारभार कसा शिकवावा?

एका तरुण शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे : "मी करवीर तालुक्यातील एका विद्या मंदिरात चौथी-पाचवीच्या वर्गांना शिकवते. मुलांना शिवरायांच्या गोष्टी तोंडपाठ आहेत, १ मे हा महाराष्ट्र दिन हे ठाऊक आहे, मुख्यमंत्र्यांचे नावही सांगता येते. परंतु राज्य म्हणजे काय, ते कोण चालवते आणि पूर्वी कोण चालवत होते, असे विचारले की सगळा वर्ग गप्प होतो. हा विषय या वयात शिकवावा तरी कसा?"

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, राधानगरी आणि शिरोळ या तीन तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षे काम केले आणि त्यांतील शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख या नात्याने इतरांचे पाठही पाहिले. आपण वर्णन केलेला गप्प वर्ग मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि सुरुवातीच्या काळात तो माझाच वर्ग होता. त्या मुलांकडे माहिती कमी होती असे मला वाटत नाही. आपण त्यांना नावे देतो, सनावळ्या देतो, पदे देतो. परंतु त्या प्रत्येकामागे कोणीतरी काहीतरी ठरवलेले असते, हे सांगायचे राहून जाते. म्हणून इतिहासाचा तास असो वा नागरिकशास्त्राचा, मी तीनच प्रश्नांना धरून राहू लागलो : हे कोणी ठरवले? ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आणि ते बदलायचे झाले तर कोणाकडे जायचे? नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे तिन्ही प्रश्न कळतात, कारण घरी आणि मैदानावर तो दिवसभर हेच प्रश्न विचारत असतो.

अभ्यासक्रमाची अडचण मात्र खरी आहे. आजवरच्या पाठ्यपुस्तकांच्या रचनेत तिसरीला जिल्ह्याचा परिसर, चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास, सहावीला स्थानिक शासनसंस्था आणि राज्यशासनाचा स्वतंत्र पाठ थेट आठवीत, असा क्रम राहिला आहे. संयुक्त महाराष्ट्राची हकीकतही आठवीतच भेटते. त्यामुळे प्राथमिकच्या शिक्षकाने वेगळा तास शोधू नये. परिसर अभ्यासाच्या तासातच हे धागे गुंफावेत. वर्षभरात असे दहा-बारा तास नीट झाले तरी पुरे होतात.

मी सुरुवात नेहमी एका घरापासून करत असे. फळ्यावर एक कौलारू घर काढायचे आणि ते घर वर्गातल्याच कोणाच्या तरी पणजोबांनी बांधले असे मानायचे. मग विचारायचे, की हे घर कोणत्या राज्यात आहे? सगळे "महाराष्ट्रात" म्हणतात. ते घर १९४८ साली कोणत्या राज्यात होते? इथे वर्ग थांबतो, आणि पुन्हा "महाराष्ट्रातच" म्हणतो. आता घराच्या दारावर एकेक पाटी लावत जायची. १ मार्च १९४९ पर्यंत पाटी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाची, छत्रपतींच्या गादीची. त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणून दुसरी पाटी मुंबईची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ मुंबई राज्यात आले, बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे भाग म्हैसूर राज्यात गेले, आणि आपल्या घरावर द्विभाषिक मुंबई राज्याची तिसरी पाटी लागली. १ मे १९६० रोजी चौथी : महाराष्ट्र. घर इंचभरही हलले नाही आणि पणजोबांनी एका जन्मात चार पाट्या पाहिल्या. राज्य म्हणजे जमिनीत उगवलेली वस्तू नसून माणसांनी ठरवून आखलेली व्यवस्था आहे, ही या विषयातील सर्वांत अवघड कल्पना या चार पाट्यांनी अर्ध्या तासात मुलांच्या हाती येते, असा माझा अनुभव आहे.

चंदगडकडील शिक्षकांनी तर हा पाठ सोडूच नये. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. बाकीचा जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि हा तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तिथल्या एखाद्या आजोबांचा जुना जन्माचा दाखला वर्गात आणता आला, तर दुसऱ्या साधनाची गरजच उरत नाही. अशा वेळी सीमाप्रश्नावरचे घरचे बोलणे मुले वर्गात आणतात. ते अडवू नये आणि पेटवूही नये. भाषेवरून राज्ये आखली गेली, सीमेवर दोन्ही भाषांची गावे होती, त्यामुळे वाद उरला आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात नेला, एवढे शांतपणे सांगितले की दहा वर्षांच्या मुलाला ते पुरते.

चौथी पाटी आपोआप लागली नाही, हे सांगितल्याशिवाय हा पाठ संपवू नये. मराठी भाषकांचे मुंबईसह राज्य व्हावे म्हणून मोठे आंदोलन झाले, त्यात १०६ जणांनी प्राण दिले, आणि मुंबईतील हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक आहे. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे, हे ऐकल्यावर मुलांना मुंबई एकदम जवळची वाटू लागते. आपल्याकडे १ मे रोजी झेंडावंदन होते आणि लगेच निकालपत्रके वाटली जातात, त्यामुळे बहुतेक मुलांच्या मनात तो निकालाचा दिवस म्हणूनच राहतो. मी हा पाठ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घेऊ लागलो, म्हणजे झेंड्यासमोर उभे राहताना मुलांना कारण ठाऊक असते.

काळाचे अंतर हा पुढचा अडथळा. "तीनशे वर्षांपूर्वी" आणि "तीन हजार वर्षांपूर्वी" हे मुलांना सारखेच ऐकू येते. त्यावर पावलांचा उपाय मला सर्वांत उपयोगी वाटला. शाळेच्या दारात आजचा दिवस धरायचा आणि एक पाऊल म्हणजे दहा वर्षे. मुलाचा स्वतःचा जन्म पहिल्या पावलाच्या आतच येतो. महाराष्ट्राची स्थापना साधारण साडेसहा पावलांवर, संस्थानाचे विलीनीकरण त्याच्या पुढे जेमतेम एका पावलावर, राजर्षी शाहूंचा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम अकराव्या पावलाच्या आसपास. महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर करवीरची गादी उभी केली ते १७१० साल बत्तिसाव्या पावलात, आणि पन्हाळ्याचा वेढा व पावनखिंडीची लढाई, म्हणजे १६६०, सदतिसाव्या पावलात. मैदान इथे बहुधा संपते. सातवाहनांच्या काळात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर वस्ती होती. तिथे मिळालेली रोमन घडणीची ब्राँझची छोटी मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. त्या वस्तीपर्यंत जायला दोनशे पावले लागतात, म्हणजे वर्ग फाटकाबाहेर रस्त्यावर येतो. त्या दिवशी मुलांचे चेहरे पाहावेत. फाटकाबाहेर जाण्याआधी मुख्याध्यापकांना सांगावे, एवढीच खबरदारी.

कोल्हापूरच्या मुलांचा आणखी एक खास घोटाळा असतो, आणि तो शिक्षकांचाही असतो : दोन शाहू, दोन संभाजी. साताऱ्याचे छत्रपती शाहू हे शंभूराजांचे पुत्र. कोल्हापूरचे राजर्षी शाहू त्यांच्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, १८७४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले. शिवरायांचे ज्येष्ठ पुत्र संभाजी वेगळे आणि राजाराम महाराज व राजसबाईंचे पुत्र, करवीरचे संभाजी, वेगळे. वंशावळ फळ्यावर काढून भागत नाही. मी चिठ्ठ्या करून मुलांच्या हाती देत असे आणि दोन रांगा उभ्या करत असे, एक साताऱ्याची, एक कोल्हापूरची. दोन्ही रांगांच्या मधे खडूने वारणा नदी काढायची. १७३१ च्या वारणेच्या तहाने या दोन गाद्यांची हद्द ठरली, आणि आजही कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या मधून तीच वारणा वाहते. आज दोन जिल्ह्यांच्या मधून वाहणारी ही नदी कोणे एके काळी दोन छत्रपतींच्या राज्यांची सीमा होती, ही गोष्ट मुले विसरत नाहीत.

शिवकालाविषयी एकच सुचवतो. लढाया मुलांना आवडतात, त्या सांगाव्यातच. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्याशिवाय आपल्या जिल्ह्याचा इतिहास अपुरा आहे. परंतु पन्हाळ्यावर सहल गेली की तटबंदीइतकाच वेळ अंबरखान्याला द्यावा. एवढे प्रचंड धान्यकोठार कशासाठी? धान्य कोठून येत होते, मोजून कोण घेत होते, हिशेब कोण ठेवत होते? तिथून मुले स्वतःच गावातल्या रेशन दुकानापर्यंत येतात. तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे, तोही दाखवावा : शिलाहार, आदिलशाही, मराठे, करवीरकर अशा अनेक राजवटींचा हा एकच गड आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरच्या गादीकडे असताना लिहिलेल्या आज्ञापत्रातील झाडांविषयीची आज्ञाही मी सोप्या शब्दांत सांगत असे. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे परस्पर तोडू नयेत, अगदी जीर्ण झालेले झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, किंमत देऊन घ्यावे, असा तिचा आशय आहे. मुलांना त्यातला न्याय चटकन कळतो, कारण झाड आपल्या परड्यातले असले तर काय वाटेल हे त्यांना ठाऊक असते.

राजर्षी शाहू महाराजांपाशी मात्र घाई करू नये. माझ्या मते कोल्हापूरच्या शिक्षकाला इतिहासाकडून कारभाराकडे जाण्यासाठी यापेक्षा चांगला पूल मिळणार नाही. त्यांचे निर्णय मुलांच्या आजच्या जगण्यात जिवंत आहेत. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आज सर्व बालकांना शाळेचा हक्क आहे तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. हे दोन्ही निर्णय फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत आणि सुरुवातीचे तीन प्रश्न विचारावेत. पहिला कोणी ठरवला? महाराजांनी. त्यांना अधिकार कोठून आला? गादीमुळे. दुसरा कोणी ठरवला? संसदेने, आणि तिला अधिकार मिळाला मतदारांकडून. मग खरा प्रश्न यायचा, आणि तो बहुधा एखादी मुलगीच विचारायची : महाराज चांगले होते म्हणून बरे झाले, पण चांगले नसते तर? हा प्रश्न वर्गात आला की लोकशाहीचा पाठ सुरू झाला असे समजावे. चांगल्या राजाची थोरवी कमी न करताही हे शिकवता येते. जुलै १९०२ मध्ये त्यांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. आज आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. पहिल्या निर्णयाची कारणे समजलेली मुले दुसऱ्याची कारणे स्वतः सांगतात.

गंगाराम कांबळे यांची हकीकतही इथेच येते. सार्वजनिक हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चहाचे दुकान काढायला साहाय्य केले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. ही गोष्ट सांगताना माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. "कोणत्या लोकांना पाण्याला शिवू देत नव्हते?" असा प्रश्न मी वर्गाला विचारला आणि सगळ्या माना एका मुलाकडे वळल्या. तो मुलगा पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईवडिलांशी बोललो, परंतु त्या माना वळलेल्या मला आजही दिसतात. त्यानंतर मी गोष्टीची बाजू बदलली : मारणाऱ्यांनी काय चूक केली, पाहणारे गप्प का बसले, आणि महाराजांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, एवढेच विचारायचे. अन्याय सोसणाऱ्याची ओळख मुलांकडून कधीही वदवून घेऊ नये.

आता कारभाराकडे. राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ अशी उतरंड फळ्यावर काढून सुरुवात केली की मुले पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुलांना घरून एकेक कागद आणायला सांगावे. मूळ नको, छायाप्रत किंवा नुसते शीर्षक उतरवून आणले तरी चालेल. घरफाळ्याची पावती, पाणीपट्टीची पावती, विजेचे बिल, रेशनकार्ड, सात-बाराचा उतारा, एस.टी.चे तिकीट. शहरातल्या मुलांकडे के.एम.टी.चे, म्हणजे शहर बसचे, तिकीट आणि महानगरपालिकेची पावती असेल. कागदाच्या डोक्यावर कोणाचे नाव छापले आहे ते वाचायचे आणि त्यानुसार कागदांचे ढीग लावायचे : ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका, जिल्हा परिषद, महाराष्ट्र शासन, भारत सरकार. सरकार ही एकच वस्तू नसून तिचे थर आहेत आणि प्रत्येक थराचे काम वेगळे आहे, हे मुलांच्या हातांना कळते. कागदांवरची नावे, थकबाकीचे आकडे, कार्डाचा रंग यांवर वर्गात चर्चा होऊ देऊ नये. गरिबी उघडी पडते.

मग मुले हमखास विचारतात, "सर, आमदार मोठा का कलेक्टर मोठा?" या प्रश्नाला हसू नये, कारण यात सगळे शासन आले. मी फळ्याचे दोन भाग करत असे : एका बाजूला निवडून येणारे, दुसऱ्या बाजूला नेमलेले. सरपंच, पंचायत समितीचे आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, आमदार, खासदार एकीकडे; ग्रामसेवक, तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी दुसरीकडे. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, तेही सांगावे, नाहीतर कार्यालयावरची पाटी वाचून मुले गोंधळतात. निवडून आलेले ठरवतात आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा आपल्याकडे येतात. नेमलेले ते ठरलेले कायद्याप्रमाणे अमलात आणतात. दोघांत किंवा लोकांत तंटा झाला तर न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे, त्यामुळे ही तिसरी बाजूही आता मुलांना दुरून तरी पाहता येते. पदे तक्त्यावर शाईने लिहावीत आणि त्या पदावरील व्यक्तीचे नाव शेजारी पेन्सिलीने. नाव पुसले जाते, पद राहते. कोणत्याही पक्षाविषयी किंवा पुढाऱ्याविषयी शिक्षकाने वर्गात मत देऊ नये. गाव लहान असते आणि मुले घरी जाऊन सगळे सांगतात.

शिरोळ तालुक्यातील एका शाळेत असताना शाळेसमोरच्या रस्त्यावर मोठा खड्डा पडला होता. पाचवीच्या मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. महिन्याने लेखी उत्तर आले, की हा रस्ता ग्रामपंचायतीचा नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. मुले हिरमुसली, आणि मला मात्र वर्षभराचा सर्वांत चांगला पाठ हाती आला. आम्ही रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहत निघालो. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे केंद्राचा. हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा. गावाच्या आतले रस्ते ग्रामपंचायतीकडे, खेड्यांना जोडणारे पुष्कळसे रस्ते जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे. दुसरा अर्ज योग्य ठिकाणी गेला आणि दिवाळीनंतर खड्डा बुजला. तो बुजला नसता तरीही पाठ वाया गेला नसता, कारण अर्ज कोणाकडे करायचा, त्यावर तारीख आणि सही कशी घालायची, आणि पोच का घ्यायची, हे मुले शिकली होती. माझ्या मते प्राथमिक शाळेत नागरिकशास्त्राची परीक्षा घ्यायचीच असेल, तर प्रश्नपत्रिकेत एक अडचण द्यावी आणि अर्ज योग्य कार्यालयाच्या नावे लिहायला सांगावे.

शालेय मंत्रिमंडळाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे जुलैमध्ये सगळी शाळा मिळून मुख्यमंत्री निवडते, शपथविधी होतो, आणि पुढे वर्षभर ते मंत्रिमंडळ प्रार्थनेच्या रांगा लावते. यात दोन दोष आहेत. सरपंचाची निवड सध्या थेट मतदानाने होते, परंतु मुख्यमंत्र्यांची तशी होत नाही. आपण आमदार निवडतो आणि ज्यांच्या पाठीशी आमदारांचे बहुमत असते त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. म्हणून मी बाकांची विधानसभा करत असे. कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत : चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. वर्गात दहा बाक मांडायचे, प्रत्येकावर मतदारसंघाचे नाव, प्रत्येक बाकाने चिठ्ठ्या टाकून एक आमदार निवडायचा, आणि त्या दहा जणांनी आपला नेता. मग सांगायचे, की मुंबईत असे २८८ जण बसतात. बहुमताला किती लागतील? १४५ हे उत्तर काढताना गणिताचाही सराव होतो. दुसरे सभागृह विधान परिषद, सदस्य ७८, एवढा उल्लेख या वयात पुरेसा आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर : मुलांच्या मंत्रिमंडळाला खरे काहीच ठरवता येत नाही. मुख्याध्यापकांशी आधी बोलून एखादा लहान पण खरा अधिकार मुलांना मिळवून द्यावा. आमच्याकडे मधल्या सुट्टीतील मैदानाच्या वाटणीचा होता. पहिल्याच बैठकीत मुलग्यांचे बहुमत असल्याने रोज क्रिकेट असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी दोन मुली आणि तिसरीची काही मुले रडत माझ्याकडे आली. मी ठराव रद्द केला नाही. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही सर्वांनी मिळून वर्गाचे पाच मूळ नियम लिहून भिंतीवर लावले होते आणि त्यांतला एक होता, "मैदान, पुस्तके आणि पाणी सर्वांना सारखे." तक्रार तीन मुलांच्या मंडळापुढे गेली, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, भिंतीवरचा नियम वाचला आणि ठराव चालणार नाही असा निवाडा दिला. बहुमताने ठरवलेलेही चुकू शकते आणि म्हणून बहुमताच्या वर काही लिहून ठेवावे लागते, हे संविधानाचे मर्म त्या मुलांनी मैदानावर शिकून घेतले. पुढे सातवीत उद्देशिका शिकताना त्यांतल्या एका मुलीने आपल्या शिक्षकांना तो भिंतीवरचा नियम जसाच्या तसा म्हणून दाखवला, हे मला नंतर कळले.

पुराचा पाठ आपल्या जिल्ह्यात टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर मोठ्यांच्या बोलण्यातून लहानांपर्यंत पोहोचलेले असतात, आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी घरोघरी बोलली जाते : ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे कोण मोजते, गाव हलवण्याचा आदेश कोण देते, बोटी कोणाच्या, छावणीतील जेवण कोणाचे, राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप का उघडतात, कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाण्याविषयी आपले सरकार कोणाशी बोलते, अशी एकेका प्रश्नाची चिठ्ठी करून ती योग्य थराच्या ढिगात ठेवायला लावावी. राधानगरीचे धरण राजर्षी शाहूंनी सुरू केले आणि ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर, म्हणजे एका राजाने घेतलेला निर्णय लोकांनी निवडलेल्या सरकारने पुढे नेला, हेही इथेच सांगता येते. ज्या मुलांच्या घरांत पाणी शिरले असेल त्यांना बोलण्याचा आग्रह करू नये. ती बोलू लागली तर बाकी सर्व बाजूला ठेवून ऐकावे.

राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण, ३६ जिल्हे, नागपूरचे हिवाळी अधिवेशन या गोष्टी एका तासात, चित्रांसह उरकाव्यात. त्यांना अधिक वेळ देण्याचे कारण मला दिसत नाही.

शहरात सहल काढणे शक्य असेल तर भवानी मंडपातून निघून बिंदू चौकात यावे आणि तिथून दसरा चौकात. बिंदू चौकातील महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे डिसेंबर १९५० मधले आहेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवलेले; ते का, हे मुलांना विचारावे. दसरा चौकात राजर्षींच्या पुतळ्यापाशी उभे राहून भोवतालच्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचाव्यात : वेगवेगळ्या समाजांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून त्या निघाल्या. सकाळी आठला निघाल्यास साडेदहाच्या आत सर्व होते.

आणि गाव असेल तर ग्रामसभा. ती बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला किंवा लगतच्या दिवशी भरते. सरपंचांना आठवडाभर आधी भेटावे, पाचवीची दहाच मुले न्यावीत आणि मागच्या सतरंजीवर बसवावीत. वहीत तीन रकाने आखून द्यावेत : कोणता विषय निघाला, कोण बोलले, काय ठरले. स्त्रिया किती आल्या आणि किती बोलल्या, हे मुली न सांगताही मोजतात. ऑगस्टमधली ती वही जपून ठेवावी, २ ऑक्टोबरच्या सभेला त्याच मुलांना पुन्हा न्यावे आणि चौथा रकाना तिथे भरून घ्यावा : ठरल्यापैकी काय झाले.